शिक्षेनंतरचे इंटरनेट : बंदी, पाळत आणि देखरेख

केव्हिन मिटनिक हा अमेरिकेतला एकेकाळचा सर्वांत कुप्रसिद्ध हॅकर. २१ जानेवारी २००० रोजी तो तुरुंगातून बाहेर आला, तेव्हा पुढची तीन वर्षे परवानगीशिवाय संगणक, मोबाईल किंवा इंटरनेट यांपैकी कशालाही हात लावायचा नाही, अशी अट त्याच्यावर होती. अट कडक होती, पण निदान पाळता येण्याजोगी होती. बँकेचे काम खिडकीवर होत असे, नोकरीचा अर्ज टपालाने जात असे. आज एखाद्यावर तीच अट घातली, तर त्याला नोकरी शोधता येणार नाही, पगार जमा झाला का हे पाहता येणार नाही आणि मुलांच्या शाळेतून आलेली सूचनाही वाचता येणार नाही. पंचवीस वर्षांत इंटरनेट ही चैनीची वस्तू राहिली नाही. मात्र इंटरनेटचाच वापर करून ज्यांनी मुलांचे शोषण केले, लोकांची खाती लुटली किंवा यंत्रणा फोडल्या, तेही शिक्षा भोगून कधी ना कधी बाहेर येतात. त्यांच्या हातातल्या फोनवर राज्यसंस्थेने किती आणि कसे लक्ष ठेवायचे, हा आज न्यायव्यवस्थेपुढचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना अनुभव अमेरिकेकडे आहे. त्याखालोखाल ब्रिटनचा. भारतात हा विषय आता दार ठोठावू लागला आहे. म्हणून या अनुभवांची एकत्र तपासणी करणे गरजेचे आहे.

देखरेखीची चौकट

अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने संघीय गुन्ह्यांसाठीची पॅरोलची पद्धत मोडीत निघाली. १ नोव्हेंबर १९८७ पासून घडलेल्या गुन्ह्यांना ‘देखरेखीखालील सुटका’ लागू झाली. पॅरोलमध्ये शिक्षेचा उरलेला भाग बाहेर काढता येतो. देखरेखीखालील सुटका मात्र तुरुंगवास पूर्ण झाल्यावर सुरू होते आणि तिची मुदत न्यायाधीश शिक्षा सुनावतानाच ठरवतो. या काळात प्रोबेशन अधिकाऱ्याला भेटणे, घराची झडती देणे, नोकरीची माहिती देणे अशा अटी असतात. अट मोडली, तर माणूस पुन्हा तुरुंगात जाऊ शकतो.

प्रोबेशन आणि पॅरोल मिळून २०२२ अखेर अमेरिकेत ३६ लाखांहून अधिक प्रौढ अशा देखरेखीखाली होते. त्यांतल्या बहुतेकांवर संगणकाची अट नसते. ती प्रामुख्याने तीन प्रकारच्या गुन्ह्यांत येते : मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे बाळगणे किंवा मुलांना ऑनलाइन जाळ्यात ओढणे, हॅकिंग, आणि संगणकाच्या मदतीने केलेली आर्थिक फसवणूक. पहिल्या गटासाठी २००३ च्या कायद्याने देखरेखीची मुदत थेट आजन्म करण्याची मुभा दिली. २००६ च्या कायद्याने लैंगिक गुन्हेगारांच्या संगणकाची, वाजवी संशय असल्यास, केव्हाही झडती घेण्याची अट घालता येऊ लागली.

या सगळ्या अटींना कायद्याचे एक कुंपण आहे. अटीचा गुन्ह्याशी, पुन्हा गुन्हा टाळण्याशी किंवा सुधारणेशी वाजवी संबंध हवा. शिवाय तिने स्वातंत्र्याचा संकोच गरजेपेक्षा जास्त करता कामा नये. गेल्या पंचवीस वर्षांतला जवळजवळ सगळा वाद या दुसऱ्या कसोटीभोवती फिरला आहे.

बंदीचे युग आणि तिचा उतार

सुरुवातीला न्यायालयांना सरसकट बंदी सोयीची वाटली. संघीय अपील न्यायालयांपैकी थर्ड सर्किटने १९९९ मध्ये क्रँडन खटल्यात आणि फिफ्थ सर्किटने २००१ मध्ये पॉल खटल्यात अशा कडक अटी उचलून धरल्या. दोन्ही खटले मुलांच्या शोषणाशी संबंधित होते. साधनच काढून घेतले की धोका टळला, हा त्यामागचा विचार होता.

पण त्याच सुमारास दुसरा प्रवाहही सुरू झाला. सेकंड सर्किटने २००१ मध्ये पीटरसन खटल्यात युक्तिवाद केला, की फोनवरून फसवणूक केली म्हणून कोणाला आयुष्यात फोनच वापरू नको असे आपण सांगत नाही. मग संगणकाला वेगळा न्याय का? त्याच वर्षी टेन्थ सर्किटने व्हाइट खटल्यात विचारले, की या अटीचा शब्दशः अर्थ घेतला तर माणसाने वाचनालयातल्या संगणकावर हवामानाचा अंदाजही पाहायचा नाही का? सोफ्स्की खटल्यात २००२ मध्ये सेकंड सर्किटने पर्यायही सुचवला : अचानक तपासणी करा, किंवा ओळख लपवलेल्या अधिकाऱ्यांकरवी ऑनलाइन सापळा लावून आरोपीची परीक्षा घ्या. सेव्हन्थ सर्किटपुढच्या होम खटल्यातील (२००३) आरोपीची सगळी कारकीर्द संगणक क्षेत्रातली होती. सरकारच नागरिकांना इंटरनेट वापरा म्हणून सांगत असताना संपूर्ण बंदीने याचे जगणे विलक्षण अवघड होईल, असे न्यायालयाचे मत पडले. ज्या थर्ड सर्किटने १९९९ मध्ये बंदी मान्य केली होती, त्यानेच २००७ मध्ये वोल्कर आणि २०१० मध्ये हेकमन खटल्यात आजन्म बंदी रद्द केली.

२०१७ मध्ये हा प्रवाह सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. नॉर्थ कॅरोलिना राज्याने २००८ मध्ये नोंदणीकृत लैंगिक गुन्हेगारांना, मुले जिथे खाते उघडू शकतात अशी समाजमाध्यमे वापरणे हा गुन्हाच ठरवला होता. पॅकिंगहॅम नावाच्या माणसाने वाहतुकीचा दंड रद्द झाल्याच्या आनंदात देवाचे आभार मानणारी फेसबुक पोस्ट टाकली आणि त्यावरून तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा एकमताने घटनाबाह्य ठरवला. समाजमाध्यमे आज सार्वजनिक चर्चेची मुख्य जागा आहेत, तिथून माणसाला हद्दपार करणे म्हणजे अभिव्यक्तीचा हक्क हिरावणे, हा बहुमताच्या निकालाचा गाभा होता. अल्पवयीन मुलांशी संपर्क साधण्यास मनाई करणारे नेमके कायदे राज्ये करू शकतात, हेही त्यात म्हटले होते.

एक तपशील इथे महत्त्वाचा आहे. पॅकिंगहॅमची शिक्षा आणि देखरेख दोन्ही संपलेली होती. त्यामुळे अजून देखरेखीखाली असलेल्यांना हा निकाल लागू होतो का, यावर अपील न्यायालयांत मतभेद आहेत. डीसी सर्किटने २०१७ मध्ये नाही म्हटले. थर्ड सर्किटने २०१८ मध्ये आणि सेकंड सर्किटने २०१९ मध्ये, देखरेखीखालच्या माणसावरची व्यापक बंदी तपासतानाही या निकालाचा आधार घेतला. एकूण कल मात्र स्पष्ट आहे. संपूर्ण बंदीची जागा आता परवानगी आणि निरीक्षण यांनी घेतली आहे.

निरीक्षण प्रत्यक्षात कसे चालते

निरीक्षणाचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे अधूनमधून तपासणी. यासाठी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या निधीतून ‘फील्ड सर्च’ नावाचे मोफत सॉफ्टवेअर तयार झाले. अधिकारी घरी जातो, ते संबंधित संगणकावर चालवतो आणि भेट दिलेली संकेतस्थळे, शोधलेले शब्द, साठवलेली चित्रे थोड्या वेळात पाहतो. तो सायबर तज्ज्ञ असण्याची गरज नसते. इथे संपूर्ण आयुष्याची नोंद होत नाही. त्या दिवशी यंत्रात जे उरले आहे, तेवढेच दिसते.

दुसरा मार्ग सततच्या निरीक्षणाचा. खासगी कंपनीचे सॉफ्टवेअर फोनवर आणि संगणकावर कायमचे बसवले जाते. ते ठरावीक अंतराने स्क्रीनशॉट घेते, टंकलेले शब्द टिपते, उघडलेली पाने आणि ॲप्स नोंदवते, आणि ठरवून दिलेला एखादा शब्द किंवा चित्र आढळले की अधिकाऱ्याला इशारा पाठवते. अनेक जिल्ह्यांत त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच आहेत : माणसाने आपली सगळी उपकरणे जाहीर करायची, मंजूर झालेलीच वापरायची आणि नवे काही घेण्याआधी विचारायचे. आयफोनची रचना अशा सॉफ्टवेअरला फारसा वाव देत नाही, म्हणून अनेकदा फक्त अँड्रॉइड फोनलाच परवानगी मिळते.

न्यायालयांनी या मार्गालाही मोकळे रान दिलेले नाही. लिफशिट्झ खटल्यात (२००४) सेकंड सर्किटने प्रोबेशनवरच्या माणसाच्या संगणकाचे निरीक्षण तत्त्वतः मान्य केले, पण त्याचा आवाका गरजेपुरता आहे का हे तपासायला प्रकरण परत पाठवले. सेल्स खटल्यातला (२००७) आरोपी संगणक, स्कॅनर आणि प्रिंटर वापरून खोट्या नोटा छापत होता. त्याच्या प्रत्येक ‘संगणकसंबंधित’ उपकरणावर लक्ष ठेवण्याची अट नाइन्थ सर्किटने अतिव्यापक ठरवली. नोटा छापणाऱ्याचा ईमेल वाचून बनावट नोटा थांबत नाहीत, ही साधी गोष्ट त्यातून पुढे आली.

यंत्राला न दिसणारे

सॉफ्टवेअर बसवले की काम झाले, ही समजूत धोकादायक आहे. मोबाईल स्वस्त आहेत. दुसरा फोन लपवणे कोणालाही जमते. पेन ड्राइव्हवरून वेगळी कार्यप्रणाली सुरू केली की संगणकावरचे निरीक्षण बाजूला पडते. स्मार्ट टीव्ही आणि गेम खेळायच्या कन्सोलवर इंटरनेट असते, पण निरीक्षणाचे सॉफ्टवेअर सहसा बसत नाही. शेजाऱ्याचे वायफाय आणि मित्राचा लॅपटॉप तर असतोच. ज्याला खरोखर चुकवायचे आहे, तो चुकवतो. अट पाळणाऱ्याचे मात्र सगळे आयुष्य नोंदले जाते.

दुसरी अडचण उलट दिशेची आहे. यंत्र इतके काही पाठवते, की वाचणारा माणूस त्यात बुडून जातो. हजारो स्क्रीनशॉटमधून नेमका धोका ओळखायला वेळ, प्रशिक्षण आणि त्या माणसाची ओळख लागते. इशारे चुकीचेही असतात. २०२३ च्या सुरुवातीला ‘वायर्ड’ मासिकाने इंडियाना राज्यातल्या एका जामिनावरच्या आरोपीची हकीकत प्रसिद्ध केली. अश्लीलतेपासून दूर राहू इच्छिणाऱ्यांसाठी बनवलेले ‘कव्हेनंट आइज’ हे ॲप त्याच्या घरातल्या उपकरणांवर बसवले होते. कायदेशीर देखरेखीसाठी ते ॲप बनलेलेच नव्हते. फोन वापरणाऱ्याने काहीही उघडलेले नसतानाही पार्श्वभूमीला चालणाऱ्या हालचालींवरून असे ॲप इशारा देऊ शकते, असे मासिकाच्या चाचणीत दिसले. ज्या नोंदीवर एखाद्याचे तुरुंगात जाणे अवलंबून आहे, ती पुराव्याच्या कसोटीला उतरते का, हे तपासल्याशिवाय ती वापरणे अन्यायाचे आहे.

घरातली बाकीची माणसे

देखरेखीखालचा माणूस एकटा राहत नाही. त्याच्या पत्नीने पाठवलेला संदेश, मुलाने वडिलांच्या लॅपटॉपवर लिहिलेला निबंध, आईच्या आजारपणाचे अहवाल, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार, हे सगळे त्याच पडद्यावर येते आणि टिपले जाते. या लोकांना शिक्षा झालेली नाही. त्यांनी संमतीही दिलेली नसते. मोबाईलमध्ये माणसाचे सगळे खासगी आयुष्य साठलेले असते, म्हणून अटकेनंतर तो तपासायलाही पोलिसांना सहसा वॉरंट लागते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात सांगितले. देखरेखीखालच्या माणसाचा खासगीपणाचा हक्क कमी असतो, हे मान्य. पण त्याच्याशी बोलणाऱ्याचा हक्क कमी होत नाही.

पैशांचा प्रश्नही दुय्यम नाही. सॉफ्टवेअरचे मासिक शुल्क अनेक ठिकाणी देखरेखीखालच्या माणसालाच भरावे लागते. नुकताच तुरुंगातून आलेला, नोकरी नसलेला माणूस प्रत्येक उपकरणामागे पैसे मोजतो. परवडत नाही म्हणून तो फोनच ठेवत नाही आणि नोकरीची वाट आणखी अवघड होते. सुधारणेसाठी घातलेली अट अशा वेळी सुधारणेच्याच आड येते.

पुरावा काय सांगतो

लोकांच्या मनातली भीती खरी आहे. ज्या मुलांवर अत्याचार झाले, त्यांची चित्रे वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि प्रत्येक वेळी ती मुले नव्याने भरडली जातात. त्यामुळे धोक्याचा अंदाज नेमकेपणाने घ्यायला हवा. मायकेल सेटो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ऑनलाइन लैंगिक गुन्हेगारांवरील अभ्यास एकत्र करून पाहिले. अधिकृत नोंदींनुसार त्यांतल्या सुमारे १२ टक्के लोकांनी पूर्वी प्रत्यक्ष शारीरिक लैंगिक गुन्हा केला होता. मात्र ज्या अभ्यासांत त्यांनी स्वतः दिलेली माहिती होती, तिथे हे प्रमाण निम्म्याहून अधिक, ५५ टक्क्यांच्या आसपास गेले. दीड ते सहा वर्षांच्या पाठपुराव्यात मात्र ४.६ टक्के लोकांनी नवा लैंगिक गुन्हा केल्याचे नोंदवले गेले, आणि प्रत्यक्ष शारीरिक गुन्हा २ टक्क्यांनी.

या आकड्यांचे दोन्ही अर्थ एकत्र वाचायला हवेत. नोंदींपलीकडे बरेच काही लपलेले असते, म्हणून सर्वांना निर्धोक मानणे भाबडेपणाचे आहे. पण या गटातले बहुतेक लोक पाठपुराव्याच्या काळात पुन्हा पकडले गेले नाहीत, म्हणून सर्वांवर आजन्म कॅमेरा लावणेही उधळपट्टी आहे. जास्त धोक्याचा कोण आणि कमी धोक्याचा कोण, हे ओळखण्यावर सगळे अवलंबून आहे. ते ओळखतो प्रशिक्षित माणूस, स्क्रीनशॉट नव्हे.

ब्रिटनचा मध्यम मार्ग

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्याखाली न्यायालय प्रतिबंधक आदेश देऊ शकत असे. मार्च २०१५ पासून त्याची जागा ‘लैंगिक हानी प्रतिबंधक आदेशा’ने घेतली. २०११ च्या स्मिथ खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले, की इंटरनेटवर सरसकट बंदी घालता येणार नाही, कारण ते रोजच्या जगण्याचा भाग आहे. त्याऐवजी न्यायालयाने साधी अट सुचवली : उपकरणात वापराचा इतिहास साठवला जावा, तो पुसू नये आणि पोलिसांनी मागितल्यास दाखवावा. २०१७ च्या पार्सन्स आणि मॉर्गन खटल्यात हीच भूमिका कायम ठेवताना न्यायालयाने बदललेले तंत्रज्ञान लक्षात घेतले. क्लाउडमधला साठा, कूटबद्ध संदेश आणि निरीक्षण सॉफ्टवेअर यांचा विचार अटी लिहिताना व्हावा, पण अटी स्पष्ट, अंमलात आणता येण्याजोग्या आणि प्रमाणात असाव्यात, असे न्यायालय म्हणाले. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिची जबाबदारी माणसावर राहते. त्याला इंटरनेट मिळते, बदल्यात तो पारदर्शक राहतो.

भारतात काय घडते आहे

आपल्याकडे १९५८ च्या अपराधी परिविक्षा (प्रोबेशन) अधिनियमाने न्यायालयाला दोषी माणसाला तुरुंगाऐवजी परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडण्याचा अधिकार दिला आहे. राहण्याची जागा, व्यसनापासून दूर राहणे यांसोबत गुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून इतर आवश्यक अटी घालण्याची मुभा त्यात आहे. म्हणजे इंटरनेटच्या अटीसाठी दार आधीपासून उघडे आहे. महाराष्ट्रात संचित आणि अभिवचन रजेवर सुटणाऱ्या कैद्यांची पद्धतही जुनी आहे. केंद्राने मे २०२३ मध्ये राज्यांना पाठवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात रजेवरच्या कैद्याने इलेक्ट्रॉनिक मागोवा यंत्र घालण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूत एका आरोपीला जामीन देताना पायात जीपीएस पट्टा बांधण्याचा आदेश झाला.

नवी मुंबईतला अनुभव आपल्या अगदी जवळचा आहे. सामाजिक कार्यकर्ते गौतम नवलखा हे दोषी ठरलेले नव्हते, त्यांचा खटला अजून चालायचा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तिथे नजरकैदेत ठेवण्याची परवानगी दिली, तेव्हा इंटरनेट आणि संगणक वर्ज्य होते. पोलिसांनी दिलेला इंटरनेट नसलेला फोन त्यांना दिवसातून दहा मिनिटे वापरता येत होता आणि घरावर सीसीटीव्ही होते. पहाऱ्याच्या खर्चापोटी राष्ट्रीय तपास संस्थेने १ कोटी ६४ लाख रुपयांचा दावा केला. मे २०२४ मध्ये जामीन देताना न्यायालयाने त्यांना २० लाख भरायला सांगितले. देखरेखीचा खर्च देखरेखीखालच्या माणसाने उचलायचा, हा अमेरिकेतला प्रश्न आपल्याकडे असा मोठ्या रकमेने दाखल झाला.

त्याच वेळी न्यायालयांनी मर्यादाही आखल्या आहेत. जुलै २०२२ मध्ये पत्रकार मोहम्मद झुबेर यांना जामीन देताना, त्यांनी ट्विट करू नये अशी अट घालायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस खटल्यात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने गूगल नकाशावर आपले ठिकाण पोलिसांना सतत दिसत राहावे ही जामिनाची अट रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवू देणारी अट खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे त्यांनी म्हटले. हा निकाल जामिनाचा आहे आणि दोषी ठरलेल्या माणसाची स्थिती वेगळी असते. तरीही त्यातला सततच्या पाळतीबद्दलचा विचार पुढच्या प्रत्येक अटीला लागू पडायला हवा.

पुढची दिशा

या सगळ्या अनुभवातून काही निकष हाती येतात आणि आपल्या न्यायालयांनी, विधिमंडळाने ते आताच लिहून ठेवावेत. पहिला, अट गुन्ह्याला आणि त्या माणसाच्या धोक्याला जुळणारी हवी : मुलांना जाळ्यात ओढणाऱ्याच्या संदेशांवर लक्ष ठेवणे समजण्यासारखे आहे, खोट्या नोटा छापणाऱ्याच्या संदेशांवर नाही. दुसरा, तिला मुदत हवी आणि ठरावीक काळाने न्यायालयाने तिचा पुनर्विचार करावा. तिसरा, काय टिपले जाते, कोण वाचतो, किती दिवस ठेवले जाते आणि केव्हा नष्ट होते, हे लेखी सांगितले जावे. वकिलाशी झालेला संवाद आणि घरच्यांची माहिती वगळली जावी. चौथा, यंत्राच्या इशाऱ्यावर थेट तुरुंगवास होऊ नये. माणसाने तपासलेला पुरावा आणि आरोपीला बाजू मांडण्याची संधी हवी. पाचवा, खर्च राज्याने उचलावा.

आणि यांच्या आधी एक गोष्ट हवी. परिविक्षा अधिकाऱ्यांची अपुरी संख्या आणि त्यांच्यावरचा कामाचा बोजा ही आपल्याकडची जुनी तक्रार आहे. ती दूर न करता मागोवा यंत्रे आणि निरीक्षणाची सॉफ्टवेअर विकत घेतली, तर आपण अमेरिकेच्या अनुभवातला सर्वांत महागडा भाग उचलू आणि सर्वांत उपयोगी भाग मागे ठेवू. महिन्यातून दोनदा घरी जाणारा, नोकरी मिळवून देण्यास मदत करणारा, कुटुंबाला ओळखणारा आणि त्या माणसाचे वागणे बदलू लागले की ते हेरणारा अधिकारी मुलांचे रक्षण कोणत्याही स्क्रीनशॉटपेक्षा चांगले करतो. सॉफ्टवेअर त्याच्या हातातले साधन म्हणून जरूर असावे, त्याच्या जागी नसावे. महाराष्ट्राने पहिला रुपया खर्च करायचा असेल, तर तो या अधिकाऱ्याच्या नेमणुकीवर आणि प्रशिक्षणावर करावा.